वडनेरात फुल नेटवर्क

अरे, मोबाइल नवे होते तेव्हाचं ऐका! वडनेरात नेटवर्कच मिळत नाही, अशी बातमी मी छापली, तर कंपनीचा साहेब थेट आमच्या कचेरीत. 'बातमी खोटी आहे. माफी छापा!' चोर तो चोर, वर शिरजोर!

मी म्हटलं, 'वडनेरला फोन लावा. लागला, तर उद्याच माफी छापतो.'

त्यानं सगळ्यांसमोर स्पीकर चालू करून तिथल्या एका कापूस व्यापाऱ्याला फोन लावला. घंटी वाजली आणि मी मनात माफीचा मजकूर जुळवू लागलो. पलीकडून खणखणीत आवाज आला, 'बोला भाऊ!'

साहेब खुलला. 'आवाज स्वच्छ येतोय ना?'

'येते ना! पण लवकर बोला, मी पाण्याच्या टाकीवर चढलो हाओ. खाली लोकं फोन घेऊन लायनीत उभे हायेत!'