झालेला गाल

...हलू नका, मास्तर. मान अशी— हां. माझ्या हातात वस्तरा आहे आणि मला अल्झायमर आहे, दोन्ही खरं, मग त्यात घाबरायचं काय? पोरगी बँकेत गेलीये, येईलच. दुकान आता तीच चालवते, केस माझ्यापेक्षा झकास कापते— पण दाढी? दाढी माझीच! परवा तिनं माझी बिनपाण्यानंच केली. म्हणे, बाबा, आणखी एक चूक झाली की वस्तरा कपाटात. चूक कसली? एका गिऱ्हाइकाला गळ्यातल्या कापडासकट रस्त्यावर पाठवलं, एवढंच.

डॉक्टरनं मेंदूचा फोटो दाखवला. इथं, कानाच्या आतल्या अंगाला एक चिमुकला भाग असतो— ताजी आठवण तिथं पक्की होते. रोग बहुतेक तिथूनच पोखरायला लागतो. पेशींच्या मधे चिकट गाळ साठतो, आत दोऱ्यांचा गुंता होतो— आपल्या बेसिनच्या जाळीत केस अडकून पाणी तुंबतं ना, तसं. म्हणून सकाळी काय खाल्लं ते जातं आणि तुमच्या वडिलांच्या हनुवटीवरचा खड्डा राहतो! हाताची सवय दुसरीकडं असते म्हणे, ती बरीच उशिरा जाते. उशिरा! ऐकलंत? मग पोरीला एवढी घाई का? पाहुण्यांना माझ्यासमोरच सांगते, ‘बाबांना आता काही कळत नाही.’ अगं, मी इथंच बसलोय! विसरतो, पण कळतं मला सगळं. आणि अपमान बरा लक्षात राहतो— राहतो की नाही? राहतो. थांबा, फेस लावतो. डावा गाल. हां, आता बघा कसा—

अरे. वस्तरा नुसताच घसरतोय. एक खुंट नाही.

हा गाल झालाय. मीच केलाय ना, मगाशी? आणि तुम्ही मुकाट्यानं परत फेस लावून घेतलात! दया आली? अहो, बोलायचं होतंत— ‘हा झाला, दुसरा घ्या’— एवढंच! डोळे तुमचे, हात माझा, काम झालं असतं. तुम्ही असे गप्प, ती कपाट उघडून बसलेली, मग मी जायचं कुठं? भीती वाटते हो मला. वाटते! पण म्हणून ही खुर्ची सोडायची?

ती बघा, आलीच. सांगायचं तर सांगा तिला, मी लपवणार नाही. पण अर्ध्या दाढीनं या दुकानातून आजवर कुणी बाहेर पडलेलं नाही. करा उजवा गाल पुढं. चुकलो तर बोला. नाही चुकलो तर गप्प बसा.