तळ्यावर साळुंकी नाहीच!

"मुलगी गुणी आहे हो, पण पुढच्या वेळेपासून तिला घरीच ठेवू या. काल बगळ्याला बदक म्हणाली, तेही मोठ्याने!" …हे सासरे सासूबाईंना सांगत होते आणि मी दाराच्या अलीकडे चहाचे कप घेऊन उभी! आता तुम्हीच सांगा, आत जायचं की परत फिरायचं? मी नवी. मी गप्प.

अहो, या घरातले सगळे दर रविवारी पक्षी बघायला तळ्यावर जातात. सासऱ्यांच्या गळ्यात दुर्बीण, सासूबाईंच्या गळ्यात दुर्बीण आणि नवऱ्याच्या गळ्यात तर दोन! त्यातली एक माझी, पण मला द्यायची त्याला आठवण राहत नाही. आठवडाभर आम्ही दोघं नुसते येताजाता भेटतो, त्यात हा एक रविवार… तोही गेला तर मी लग्न कशाला केलं?

म्हटलं, शिकायचंच. सासऱ्यांचं पुस्तक उघडलं. नऊशे पक्षी! त्यातले सहाशे तपकिरी! नवरा म्हणाला, "अगं, ते ठेव. फोनवर पक्ष्यांचं अ‍ॅप आहे, ते बघ. लोक जे जे पाहतात ते तिथे नोंदवतात. आपलं तळं टाक, महिना टाक, नेहमी दिसणारे पक्षी वर येतात. तेवढे दहा शिक, झालं!" किती सोपं! टाकलं तळं, टाकला महिना. पहिला कोण? मत्स्यगरुड! दुसरं कसलंसं घुबड. कावळा नाही, पारवा नाही, साळुंकी तर औषधालाही नाही! आणि खिडकीबाहेर पाहावं तर साळुंक्यांची नुसती भांडणं चाललेली…

मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्या तळ्याच्या नोंदी करतं कोण? हेच तिघं! हळूच विचारलं, तर सासूबाई म्हणतात कशा, "साळुंकी काय लिहायची? ती कुणालाही दिसते!" अहो, मग त्या 'कुणालाही'ने शिकायचं कशावरून? झाडाझाडांत गरुड शोधत बसायचं? पण मी नवी. मी गप्प.

तोंड गप्प, हात चालू! तीन आठवडे कामावरून येताना तळ्याला फेरी आणि दिसेल ते लिहायचं. साळुंक्या एक्केचाळीस. पारवे साठ. ओळखू न आलेला, तपकिरी, एक. हळूहळू यादी माणसात आली हो! साळुंकी पहिली, गरुड पार खाली. वरचे दहा मी पाठ केले, त्यांच्या चालण्याबोलण्यासकट.

या रविवारी मला नेलं, 'एवढ्या वेळी येऊ दे' म्हणून. आणि सासरे एकदम कुजबुजले, "हलू नका कुणी! पिवळं टक्कल! हा पुस्तकातच नाही!" सासूबाईंनी श्वास रोखला, नवऱ्याच्या दोन्ही दुर्बिणी एकमेकींत अडकल्या, सासरे फोनवर नोंद करायला लागले… आणि त्या टकलूला मी तीन आठवडे रोज बघतेय! माणसाने गप्प बसायचं तरी किती? म्हटलं,

"बाबा, साळुंकीच आहे ती. डोक्यावरची पिसं झडलीयत बिचारीची. मला घरी ठेवायचं तर ठेवा, पण तिला नवा पक्षी म्हणून लिहू नका."