परतलेल्या पाठींची मोजणी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले आयुक्तसाहेब आणि निधी समितीचे सन्माननीय सदस्य, ज्यांच्या निरोपासाठी आपण आज हे सभागृह भरलं आहे त्या आमच्या बाई, त्यांचे यजमान आणि लेक, माझे सहकारी बंधुभगिनी आणि रस्त्यापलीकडच्या वसाहतीतून आलेली पाहुणे मंडळी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. त्याहून एखाद-दुसरं जास्त झालं, तर सांभाळून घ्यावं. मला व्यासपीठाची सवय नाही, रस्त्याच्या कडेची आहे.

मी आपल्या कचेरीत पादचारी मोजणीचा कारकून. रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकायची आणि जो माणूस रस्ता ओलांडेल त्याच्यासाठी कागदावर एक उभी रेघ मारायची. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. बावीस वर्षं हेच काम केलं, म्हणून सगळे मला रेघमास्तर म्हणतात. बाई पदपथ आणि बसथांब्यांच्या अभियंता. पूल बांधणाऱ्याच्या नावाची पाटी लागते. पदपथाचा उतार नीट झाला तर त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही, आणि बाईंना तेच आवडायचं. माझ्याआधीच्या वक्त्यांनी त्यांच्या पदव्यांविषयी सांगितलं. मी फक्त एका कागदाविषयी सांगतो.

आपल्या कचेरीसमोरचा हा मोठा रस्ता सहा वर्षांपूर्वी कसा होता, ते आठवतं का? पलीकडे वसाहत, अलीकडे दवाखाना आणि बसथांबा. मधे दोन्ही बाजूंनी सुसाट धावणारी वाहनं. दुभाजकाच्या लोखंडी कठड्यात एकच फट, तीही एका वेळी एक माणूस जाईल एवढी. थांब्यावर माणसं दिसायची नाहीत, म्हणून परिवहन खात्याने कळवलं की तीन महिन्यांत ही बस बंद करू. बाईंनी ओलांडणीसाठी निधी मागितला. वरून उत्तर आलं, आधी सांगा, इथून किती लोक चालतात?

झालं, माझी खुर्ची निघाली. सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत बसलो. आकडा आला चौदा. मी सुवाच्य अक्षरात लिहिला, सही केली. महिन्याभरात शेरा आला, "मागणी दिसून येत नाही."

बाई तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "रेघमास्तर, खुर्ची कुठे टाकली होती?"

"सावलीत, बाई. दुभाजकावरच्या झाडाखाली."

"झाड कुठे आहे?"

"फटीपाशीच की."

बाईंनी कागदाची घडी घातली. छत्री घेतली आणि म्हणाल्या, "चला."

जीव मुठीत धरून आम्ही पलीकडे गेलो. वसाहतीच्या तोंडाशी एक ताई काठी टेकून उभ्या होत्या. त्यांचा डावा पाय लहानपणापासून अधू. पाच थांबे पुढे एका शिवणकामाच्या कारखान्यात त्या कामाला होत्या. मला पाहून त्यांनी शेजारणीला कोपराने ढोसलं. "अगं, हेच ते दंडवाले."

मी म्हटलं, "कसला दंड, ताई?"

"त्या दिवशी फट अडवून वही घेऊन बसला नव्हतात? मी तीनदा आले. म्हटलं, ओलांडलं की पावती फाडणार. तीनदा परत गेले."

शेजारीण म्हणाली, "आमचे हे तर तुम्हाला बघून त्या दिवशी दवाखान्यातच गेले नाहीत. म्हणाले, सरकारी माणूस बसलाय, उगाच झंझट नको."

मंडळी, नोकरीत मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. रस्त्यात होतं नव्हतं ते एक दार, त्यातच मी खुर्ची टाकून बसलो होतो आणि माणसं का येत नाहीत म्हणून वाट पाहत होतो. बाई मात्र खो खो हसल्या. हसू आवरल्यावर त्यांनी त्या ताईंना विचारलं, "एरवी तरी रोज ओलांडता का?"

"कुठलं हो? गाड्या थांबल्या तर. नाहीतर रिक्षा करून लांबच्या चौकातून वळसा घालून समोरच्या थांब्यावर उतरते. अर्धा पगार त्यातच जातो. आणि आता बसच बंद झाली, तर मालक म्हणालाय, घरीच बसा."

परतताना बाई म्हणाल्या, "पुन्हा मोजा. या वेळी जे ओलांडतात ते मोजा, आणि जे कडेपर्यंत येऊन माघारी फिरतात तेही मोजा."

आता माझी अडचण सांगतो. माझं शिक्षण गावच्या शाळेत झालं. डोळ्यांना दिसेल तेवढंच वहीत लिहायचं, हे आमच्या गुरुजींनी हाडात भिनवलेलं. रोज सकाळी देवापुढे हात जोडताना मी फार काही मागत नाही, हातून खोटं लिहिलं जाऊ नये एवढंच मागतो. मी म्हटलं, "बाई, रस्ता ओलांडलाच नाही त्याची रेघ मारायची म्हणजे खोटं होईल."

"माणूस कडेपर्यंत आला, हे खरं की खोटं?"

"खरं."

"थांबला?"

"थांबला."

"आणि परत गेला?"

"गेला."

"मग यात खोटं कुठे आलं?"

त्या रात्री मला झोप लागली ती अगदी गाढ लागली.

या वेळी रस्त्यावर बसलो नाही. वसाहतीच्या बाजूला एका न्हाव्याचं वरच्या मजल्यावर दुकान आहे, त्याच्या खिडकीत बसलो. तो म्हणाला, "साहेब, गिऱ्हाइकाची खुर्ची आहे ही. दाढी तरी करा, नाहीतर उठा." दोन दिवसांत माझी चार वेळा दाढी झाली. पण वरून सगळं स्वच्छ दिसलं. ओलांडणारे एकेचाळीस. माघारी फिरणारे तीनशे सव्वीस.

छापील नमुन्यात माघारी फिरणाऱ्यांसाठी रकाना नव्हता. बाईंनी वेगळा कागद जोडला आणि त्यावर स्वतः सही केली. पुढे काही निघालं असतं, तर उत्तर त्यांना द्यावं लागलं असतं, मला नव्हे. समितीसमोर मलाही बोलावणं आलं. एका सदस्यांनी विचारलं, "ही तीनशे सव्वीस माणसं कल्पनेतली आहेत का?"

मी म्हटलं, "नाही साहेब. त्यांचे चेहरे मला सांगता येणार नाहीत, पण पाठी सांगता येतील. दप्तराच्या होत्या, कडेवर पोर घेतलेल्या होत्या, आणि एक काठीकडे झुकलेली होती. ती दोन दिवसांत पाच वेळा परत गेली."

ते साहेब आज व्यासपीठावर आहेत. हसताहेत, म्हणजे त्यांनी ते मनावर घेतलं नसावं.

निधी मिळाला, पण मागितल्याच्या दोनतृतीयांश. बाईंनी आराखड्यातून कमान काढून टाकली, नक्षीचे दिवे काढले. "दिव्याला नक्षी नाही म्हणून कुणी घरी बसत नाही," म्हणाल्या. रंगवलेली ओलांडणी, सिग्नल, मधे थांबायला रुंद ओटा, दोन्हीकडे उतार आणि थांब्यापर्यंतचा पदपथ, यातलं काहीही त्यांनी कमी करू दिलं नाही.

सिग्नल लागला त्या दिवशी बाईंनी त्या ताईंना बोलावून घेतलं आणि घड्याळ लावून चालायला सांगितलं. नियमांच्या पुस्तकात अठरा सेकंद होते, ताईंना सव्वीस लागले. बाई म्हणाल्या, "सव्वीस करा."

सिग्नल बसवणारा म्हणाला, "गाड्या खोळंबतील हो."

"खोळंबू देत. ती माणसं बसलेलीच असतात."

बस बंद झाली नाही. आता ती दर वीस मिनिटांनी येते, आणि सकाळी तीत उभं राहावं लागतं, अशी लेखी तक्रार आली आहे. बाईंनी ती तक्रार टेबलाच्या काचेखाली ठेवली होती. उद्या टेबल रिकामं करताना ती घरी न्या, बाई. कचेरीची हरकत नाही, मी विचारून ठेवलंय.

आणखी एकच सांगतो. त्या शिवणकामवाल्या ताई आज मागच्या रांगेत बसल्या आहेत. कारखान्यात आता नव्या मुलींना त्याच शिकवतात. मघाशी दारात भेटल्या, तेव्हा मी सवयीने विचारलं, "ताई, कशा आलात?" त्या माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघत राहिल्या. या माणसाला काय झालंय, असा चेहरा. मग म्हणाल्या, "कशी म्हणजे? चालत आले."

बाई, निवृत्तीनंतर तुम्हाला आणि घरच्यांना आरोग्य आणि समाधान लाभो, ही देवाजवळ प्रार्थना. इतका वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाविषयी उणाअधिक शब्द गेला असेल, तर आपलाच माणूस समजून पोटात घालावं. नमस्कार.