मोनॅकोतल्या कोल्हापुरी चपला

चहा घे, तोवर तुला आमच्या सासूबाईंच्या चपलांची गंमत सांगते. जपानच्या त्या मोठ्या भूकंपानंतर आम्ही ठरवलंच होतं, फिरायचं ते लगेच फिरून घ्यायचं. सासूबाई पुण्याहून इथे टोकियोला आल्या, तशा त्यांना घेऊन थेट मोनॅकोला गेलो.

केवढंसं ते राज्य! पण बंदरातल्या बोटी अशा, की आपली इथली, हिगाशी-कसाई भागातली अख्खी बिल्डिंग एकीत मावेल. आम्ही नुसते आ वासून बघत होतो.

एका आलिशान हॉटेलात सहज डोकावायला गेलो, तर जपानात वाढलेल्या आमच्या लेकीने, सईने दारातच बूट काढले आणि टोकं बाहेर करून नीट लावून ठेवले.

"सई, इथे नाही काढत!" मी म्हणेपर्यंत सासूबाईंनीही चपला काढल्या.

"अहो आई, तुम्ही कशाला?"

"गाभाऱ्यासारखं लखलखतंय गं. चपला घालून जायला मन धजत नाही."

आतली झुंबरं बघून बाहेर आलो, तर बूटही नाहीत आणि चपलाही नाहीत!

सासूबाई म्हणाल्या, "राजाचं गाव असो नाहीतर देवाचं, चपला जायच्या त्या जातातच."

तेवढ्यात उंच टोपीवाला दरवान चांदीच्या तबकात दोन्ही जोड घेऊन आला. चक्क पॉलिश केलेले! वाकून त्याने ते आमच्यापुढे ठेवले, सईसारखीच टोकं बाहेर करून.

सासूबाई कितीतरी वेळ बघतच राहिल्या. मग त्यांनी चपला अलगद उचलून छातीशी धरल्या आणि हॉटेलपुढच्या चकचकीत गाड्यांच्या रांगेसमोरून अनवाणी चालू लागल्या.

"अहो आई, घाला ना!"

"नको गं. आता या चपला पायात घालायला मन धजत नाही."