चारही दगड एकाच कड्याचे

नको, शिवाभावजी, पिशवीतून काढू नका. दगडच ना? चार वर्षांत चार झाले, हा पाचवा. बसा. तुम्ही ह्यांच्या बोटीवरचे म्हणजे घरचेच — दरवेळी दगडासोबत ह्यांची चिठ्ठी असायची, हा सिंगापूरच्या किनाऱ्यावरचा, हा कोलंबोचा, बोट एकच दिवस थांबली, कमळा, तुझ्यासाठी उचलला. मी खुळी, खिडकीत मांडून ठेवायची! मग आमच्या लेकीनं, दिशानं, ते कॉलेजात नेले, भूगर्भशास्त्राच्या भार्गवी मॅडमना दाखवायला. तर मॅडम रिक्षा करून घरी आल्या, इतक्या खूष — म्हणाल्या, 'कमळाताई, हे किनाऱ्यावरचे नव्हेत. चारही एकाच कड्याचे आहेत.'

सुमात्रात एक मोठं तळं आहे म्हणे. हजारो वर्षांपूर्वी तिथे ज्वालामुखी फुटला, तापलेली राख नि दगड जमिनीलगत लोटासारखे धावत सुटले, वाटेतलं सगळं गाडलं. डोंगर आत खचला, तिथेच तळं झालं. नि ती राख? थरावर थर बसली, इतकी गरम की आपल्याच वजनानं दबून दगड झाली. हे बघा, आतले तुकडे पापडासारखे चपटे झालेत — मॅडमनी दाखवले. त्यांच्याकडे तिथला नमुना होता, अगदी जुळला. समुद्रानं घासलेली एकही कड नाही, सगळे छिन्नीनं फोडलेले. तिथल्या बंदरापासून अर्ध्या दिवसाची वाट, म्हणाल्या. त्यांना काय ठाऊक, बिचाऱ्या कौतुकानं सांगत होत्या. मी चहा गाळत होते, तशीच उभी राहिले.

एक दिवस थांबणाऱ्या बोटीवरचा माणूस अर्धा दिवस आत कशाला जातो? नि दरवर्षी?

माझे सासरे, आप्पा, गेले दोन हजार एकच्या श्रावणात. मी तार केली. उत्तर आलं — बोट भर समुद्रात, येता येत नाही. माझ्या सोळा वर्षांच्या पोरीनं आजोबांना अग्नी दिला, भावजी. तो तिसरा दगड त्याच श्रावणातला, चिठ्ठीवर तारीख आहे — म्हणजे समुद्रात नव्हते, त्या कड्याशी होते. मी तर सगळ्यांना सांगत होते, समुद्रात होते हो, काय करतील! आप्पांच्या बहिणीशी भांडले त्यावरून, अजून बोलत नाही ती माझ्याशी.

मान खाली घालू नका. तुम्हाला ठाऊक होतं — नाही, शपथ नको. तिथल्या त्या बाईचं नावही नको मला. एवढंच सांगा, मूल आहे?

...दोन, म्हणता.

थोरलं केवढं? ...दहा वर्षांचं. म्हणजे आमची दिशा तिसरीत होती तेव्हाचं.

नाही, मी रडत नाहीये. उठा आता. दिशा येईल एवढ्यात, तिच्यासमोर तुमच्याशी नीट बोलणं जमायचं नाही मला. चपला तिकडे आहेत. जा.