पंखावर ओतलेलं पाणी

गेल्या जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी उड्डाण करताना माझ्या नवऱ्याचं, विल्सनचं, विमान पडलं. तो गेला. शेजारच्या सीटवर मी होते, मी वाचले.

आम्ही दोघं मूळचे वसईचे. तो इंजिनीअर, मी इथे परदेशात, स्कोफिल्ड्सजवळच्या एका शाळेच्या लायब्ररीत. लेक रेशल युनिव्हर्सिटीत शिकते. विल्सनने चाळिशीत विमान चालवायचं लायसन्स काढलं, फ्लाइंग क्लबचं चार सीटचं विमान भाड्याने घ्यायचा आणि म्हणायचा, चल गं, तुला पुस्तकांतून बाहेर काढतो, आणि मी उतरेपर्यंत डोळे मिटून प्रार्थना पुटपुटायचे, कारण भीती मला पहिल्यापासून.

त्या दिवशी डोंगरातल्या एका गावाहून परतायचं होतं. अकराला ब्लॅकटाउनच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा, त्यात बायबलचं पहिलं वाचन विल्सनचं. धावपट्टीचं गवत गोठलेलं, पंखांवर पांढरा थर. तो म्हणाला, ऊन येईपर्यंत थांबू. मी म्हटलं, फादर खोळंबतील, रोज गाडीच्या काचेवर टाकतोच ना आपण पाणी, तसंच. काय सांगू तुम्हाला, तिथल्या क्लबच्या किचनमधून दोन बादल्या कोमट पाणी मीच आणलं, मीच ओतलं. पंख चकचकीत झाले. तो हसला, लायब्ररियनबाई, तुम्ही तर मेकॅनिक निघालात. पुसलं कुणीच नाही.

ते पाणी पुन्हा गोठलं, काचेसारखं, दिसेना. विमान उठलं, थरथरलं, डावा पंख खाली गेला. विल्सन म्हणाला, घट्ट धर. समोर कुंपण आलं.

हॉस्पिटलात अपघाताच्या चौकशीवाल्या बाईने हळूच विचारलं, पंखांवर पाणी कोणी ओतलं? मी म्हटलं, त्याने.

मग सगळेच त्याला निष्काळजी म्हणू लागले. रेशल म्हणाली, मम, फॉल्ट डॅडचाच, आणि तिने त्याचा फोटो ड्रॉवरमध्ये ठेवला. यंदाच्या थंडीत ती सकाळी पाण्याचा मग घेऊन गाडीकडे जायची, काचेवर पाणी पडल्याचा आवाज आला की वाटायचं, आज हिला कळणार, आज ही मला सोडून जाणार.

परवा मी तिच्या हातातून मग काढून घेतला आणि सांगितलं. ती म्हणाली, अँड डॅड लेट यू? त्याने तुला ओतू दिलं? हो, मी म्हटलं, पण ओतलं मी, आणि खोटंही मी बोलले. चौकशीच्या ऑफिसला पत्र लिहून टाकलंय.

फोटो अजून ड्रॉवरमध्येच आहे. सकाळी गाडीची काच गोठलेली असली की आम्ही पाणी टाकत नाही. ऊन येईपर्यंत दोघी पायरीवर बसतो.