डाग पडलेली पानं

कॅन्सरच्या इस्पितळात औषधांच्या रांगेत माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ आणि एक बाई बोलत होते.

“काका, तुम्ही औषधांच्या कारखान्यात होतात का?”

“छे हो, ताई. प्रयोगशाळेसाठी रानातून पाला गोळा करायचो. तिथे त्याचा अर्क काढून कॅन्सरच्या पेशींवर टाकायचे.”

“मग, सापडलं काही?”

“एकदाच. घाईघाईत एका झाडाची डाग पडलेली पानं ओरबाडून आणली होती. पेशी पटापट मेल्या. साहेबांनी मला मिठीच मारली.”

“अरे वा!”

“म्हणाले, आता पोतंभर आण. त्या खेपेला बायको सोबत आली. ‘अहो, एवढं मोठं काम आणि असली किडकी पानं नेता?’ दिवसभर बसून आम्ही एकेक चांगलं पान निवडलं, पुसलं.”

“आणि?”

“एकही पेशी मेली नाही. औषध पानात नव्हतंच, त्या डागांच्या बुरशीत होतं. हे प्रयोगशाळेत लक्षात यायला सहा वर्षं गेली. तोवर झाड तोडून तिथे रस्ता झाला होता.”

“तसलं दुसरं झाड नाही मिळालं?”

“झाडं ढीगभर मिळाली. तसे डाग नाही मिळाले.”

“आत कोण आहे तुमचं?”

“तीच.”

“त्यांना ठाऊक आहे हे?”

“कुठल्या तोंडाने सांगू? काल सलाईन लावणाऱ्या नर्सला सांगत होती, ‘आमच्या ह्यांनी औषध शोधलंय, येईलच आता. त्याची पानं मी माझ्या हातांनी पुसलीयत.’”